मुरगळलेला घोटा आणि एका पायावरचा तोल

देवळीला खेळाचे वेड नवे नाही. जानेवारी २०२५ मध्ये महिला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या देवळीतच झाल्या. त्याच महिन्यात तिकडे दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही आपल्या महाराष्ट्राची. खो-खो आणि कबड्डी हे आश्रमशाळांतल्या व वसतिगृहांतल्या मुलामुलींचे रोजचे खेळ. त्यांना मोठे क्रीडांगण लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. लागतात ते दोन धड पाय. म्हणूनच या अंकात आपण पायाच्या एका लहानशा सांध्याविषयी, म्हणजे घोट्याविषयी, जरा सविस्तर बोलू.

पाय मुरगळणे ही आपल्याकडे दुखापत समजली जात नाही. मूल लंगडत येते, कुणीतरी तेल चोळून देते, आंबेहळदीचा लेप होतो, चार दिवसांनी सूज ओसरते आणि आठव्या दिवशी मूल परत मैदानावर असते. महिन्या-दोन महिन्यांनी तोच पाय पुन्हा मुरगळतो. मग तिसऱ्यांदा. शिक्षक म्हणतात, "याचा पायच कच्चा आहे." हे बोलणे आपण सर्वांनी ऐकले आहे. पण पाय जन्मतः कच्चा क्वचितच असतो. पहिल्या दुखापतीने तो कच्चा होतो आणि पुढे कुणी लक्ष न दिल्यामुळे कच्चाच राहतो. आयर्लंडमधील डब्लिन येथे संशोधकांनी आयुष्यात पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या लोकांकडे वर्षभर लक्ष ठेवले. वर्ष संपताना त्यांतील दर १० पैकी सुमारे ४ जणांचा घोटा कायमचा डळमळीत झालेला आढळला. यालाच वैद्यकात घोट्याची जुनाट अस्थिरता म्हणतात.

आदिवासी कुटुंबातील मुलासाठी याचा अर्थ केवळ एखादा सामना हुकणे एवढाच नसतो. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि दोघांनाही १०० मीटर धावावे लागते. वनरक्षक भरतीत मुलांना ५ किलोमीटर ३० मिनिटांत आणि मुलींना ३ किलोमीटर २५ मिनिटांत पूर्ण करावे लागतात. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर धावतच मोठी झाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. प्रत्येक मूल कविता राऊत होणार नाही हे उघड आहे. पण भरतीच्या दिवशी घोट्याने दगा दिला म्हणून वर्षभराची तयारी वाया जावी, हे टाळता येण्याजोगे आहे, आणि तेही जवळजवळ फुकटात.

आधी घोट्यात नेमके काय बिघडते ते पाहू. नडगीचे जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांच्या टोकांमध्ये पावलाचे एक हाड खाचेत बसावे तसे बसलेले असते. हाडांना जागेवर धरून ठेवणारे पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. घोट्याच्या आतल्या बाजूचा पट्टा रुंद आणि दणकट असतो. बाहेरच्या बाजूला मात्र तीन वेगवेगळे पट्टे असतात आणि त्यांतला पुढचा सर्वांत दुबळा. पाऊल आत वळून अंगाचा भार बाहेरच्या कडेवर आला की पहिल्यांदा तोच ताणतो किंवा फाटतो. म्हणूनच सूज बहुधा बाहेरच्या घोट्याच्या जरा पुढे आणि खाली दिसते.

(बायबलच्या वाचकांना एक गोष्ट आठवेल. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायात सुंदर नावाच्या दाराशी बसणाऱ्या पांगळ्या माणसाची हकीकत सांगताना लूक पावलांबरोबर घोट्यांचाही वेगळा उल्लेख करतो. तो स्वतः वैद्य होता.)

आता मुख्य मुद्दा. हे पट्टे नुसत्या दोऱ्या नसतात. त्यांच्यात आणि आसपासच्या स्नायूंत बारीक मज्जातंतूंची टोके असतात. पाऊल किती वाकले आहे, जमीन कोणत्या बाजूला उतरती आहे, भार टाचेवर आहे की बोटांवर, ही बातमी ती सतत मेंदूकडे पाठवत असतात. म्हणून तर आपण अंधारात, पायाकडे न बघता जिना उतरू शकतो. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन नावाच्या अस्थिशल्यतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, पाय मुरगळतो तेव्हा पट्ट्याबरोबर ही बातमी देणारी यंत्रणाही दुखावते. पट्टा भरून येतो, सूज जाते, दुखणे थांबते. पण बातमी उशिरा आणि अर्धवट पोचत राहते. त्यांनी अशा रुग्णांना डुगडुगत्या फळीवर उभे राहण्याचा सराव दिला आणि त्यांच्या तक्रारी कमी झाल्या. फ्रीमन यांच्या विचारात पुढे बरीच भर पडली. आज असे मानतात की बिघाड घोट्यापुरता राहत नाही. मेंदू पायाला हुकूम देण्याची पद्धतच बदलतो, इतकी की मांडी आणि कमरेचे स्नायूही वेगळे वागू लागतात. पण तोलाचा सराव हा उपाय साठ वर्षे टिकून आहे.

इथे कुणी विचारेल की, पाय वळायला लागला की स्नायूंनी झटक्यात तो सावरावा, त्यासाठी सराव कशाला? वेळेचा हिशेब पाहिला म्हणजे उत्तर मिळते. घोटा मुरगळण्याची क्रिया सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास घडून जाते. पाऊल सावरणारे पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू जागे व्हायलाच साधारण सेकंदाचा पंधरावा भाग घेतात आणि त्यांना जोर धरायला जवळजवळ तेवढाच वेळ आणखी लागतो. म्हणजे मदत पोचेपर्यंत दुखापत झालेली असते. त्यामुळे पाऊल जमिनीला टेकण्याआधीच ते योग्य कोनात असावे लागते आणि स्नायू आधीच थोडे ताणलेले असावे लागतात. ही पूर्वतयारी आपण ठरवून करत नाही, ती सवयीने होते. ती सवय दुखापतीने मोडते आणि सरावाने परत बसते.

खो-खो पाहा. २७ मीटर लांबीच्या मैदानात पाठलाग करणाऱ्याला एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही, आणि खांबापाशी पोचताच सगळा वेग एका पायावर तोलून वळायचे असते. पळणारी मुलगी बसलेल्या खेळाडूंच्या मधून हुलकावण्या देत जाते, तिचे प्रत्येक पाऊल तिरके पडते. कबड्डीत तर चढाई करणाऱ्याचा घोटाच धरला जातो आणि तो उरलेल्या पायावर उड्या मारत मध्यरेषेकडे ओढ घेतो. दोन्ही खेळ म्हणजे एका पायावरच्या तोलाची परीक्षा.

त्यात आपली जमीन. वर्धा जिल्ह्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पावसात मैदानावर उमटलेले गुरांच्या खुरांचे ठसे नोव्हेंबर-डिसेंबरात विटेसारखे कडक होतात, आणि नेमके तेच शालेय स्पर्धांचे दिवस. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा, मग विभागीय, मग राज्यस्तरीय. स्पर्धेपूर्वी मैदानावर पाणी मारून, दाताळे फिरवून आणि रोलर ओढून ते सपाट करणे हे कुठल्याही बुटापेक्षा जास्त उपयोगाचे काम आहे. ते सकाळच्या दोन तासांत होते, तरीही बहुतेक ठिकाणी राहून जाते.

कोणत्या मुलाला धोका अधिक, हे आधी ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. पहिला प्रश्न साधा: यापूर्वी कधी पाय मुरगळला होता का? इतर सर्व खुणांपेक्षा हीच खूण भक्कम आहे. दुसरी पाहणी एका पायावर उभे राहण्याची. अनवाणी, हात कमरेवर, डोळे उघडे ठेवून ३० सेकंद. मग तेच डोळे मिटून. डोळे मिटल्यावर सगळेच डुलतात, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. दोन पायांत मोठा फरक आहे का, ते बघायचे. उजव्यावर मूल शांत उभे आहे आणि डाव्यावर दर दोन सेकंदांनी दुसरा पाय टेकते आहे, तर डाव्या पायाची चौकशी करावी.

तिसरी पाहणी थोडी मोजमापाची आहे, पण कोणताही क्रीडाशिक्षक ती करू शकतो. जमिनीवर चुन्याने एका बिंदूतून तीन रेषा काढा: एक सरळ पुढे आणि दोन मागे तिरक्या. बिंदूवर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाचे बोट प्रत्येक रेषेवर जमेल तितके लांब न्यायचे, हलकेच टेकवायचे आणि तोल न जाऊ देता परत यायचे. मागच्या एका रेषेवर पाय आपल्याच बाजूला जातो, दुसऱ्या रेषेवर उभ्या पायाच्या पाठीमागून जातो. उभ्या पायाची टाच उचलली किंवा हात सुटले तर ती खेप बाद. आधी काही खेपा सरावाच्या द्याव्यात, मग तीन खेपांतली उत्तम धरावी. दोन्ही पायांची मापे घ्यावीत.

अमेरिकेत २३५ शालेय बास्केटबॉल खेळाडूंची हंगामापूर्वी अशी मोजणी केली होती. २००६ साली तिचे निष्कर्ष छापून आले. पुढच्या रेषेवर ज्यांच्या दोन पायांत ४ सेंटिमीटरहून अधिक फरक होता, त्यांना पायाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे अडीचपट निघाली. तिन्ही रेषांच्या मापांची बेरीज पायाच्या लांबीच्या तिपटीशी ताडून पाहिली, तेव्हा ९४ टक्क्यांच्या खाली असलेल्या मुलींत ही शक्यता सुमारे साडेसहापट होती. हिशेब असा: कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून आतल्या घोट्यापर्यंत पायाची लांबी ८० सेंटिमीटर, तर तिची तिप्पट २४०. मापे ५६, ८४ आणि ८०, बेरीज २२०. म्हणजे सुमारे ९२ टक्के. अशा मुलीला खेळातून काढायचे नाही, तिला सराव द्यायचा. शिवाय हे आकडे बूट घालून लाकडी जमिनीवर खेळणाऱ्या मुलांचे आहेत, आणि इतर खेळांत व इतर वयोगटांत ते नेहमी जुळलेले नाहीत. लहानपणापासून अनवाणी शेताबांधावर फिरलेल्या आपल्या मुलांना ते जसेच्या तसे लावणे मला पटत नाही. मात्र एकाच मुलाच्या दोन पायांची तुलना, किंवा जूनमधल्या मापाशी ऑक्टोबरमधल्या मापाची तुलना, कुठेही उपयोगी पडते.

सराव म्हणजे काय करायचे? सकाळी नळावर दात घासताना एका पायावर उभे राहायचे, अर्धा वेळ उजव्या, अर्धा वेळ डाव्या. ते सोपे वाटू लागले की डोळे मिटून. मग समोरच्या मित्राशी चेंडू झेलत. मग घडी घातलेल्या घोंगडीवर किंवा नदीच्या रेतीत. फळीच्या खाली अर्धगोल लाकडी ठोकळा ठोकून गावातला सुतार डुगडुगती फळी करून देईल. शेवटी उड्या: एका पायावर पुढे उडी मारून त्याच पायावर उतरायचे आणि तीन आकडे मोजेपर्यंत पुतळ्यासारखे थांबायचे. पुढे, बाजूला, मग वळून. गुडघा उतरताना आत पडू द्यायचा नाही, तो पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा. एवढे एकच वाक्य शिक्षकांनी वारंवार सांगितले तरी पुष्कळ आहे.

हे रोज १० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, स्पर्धेच्या महिनाभर आधीपासून करावे. हंगामात तीन दिवस पुरतात. अमेरिकेतील ७६५ शालेय फुटबॉल व बास्केटबॉल खेळाडूंवर जवळपास अशाच कार्यक्रमाची चाचणी झाली. नेहमीचाच सराव केलेल्यांत ९.९ टक्के खेळाडूंचा घोटा मुरगळला, तोलाचा सराव केलेल्यांत ६.१ टक्के. म्हणजे दुखापती नाहीशा झाल्या नाहीत, पण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी झाल्या. अशा सरावाचा सर्वांत जास्त फायदा ज्यांचा पाय पूर्वी मुरगळला आहे त्यांनाच होतो, असे इतर पाहण्यांतही दिसले आहे. म्हणून सर्व मुलांसाठी वेळ काढता आला नाही, तर निदान त्या चार-पाच मुलांसाठी काढावा.

पाय मुरगळलाच तर पहिल्या घटकेला काय करायचे, तेही लक्षात असू द्यावे. खेळ तिथेच थांबवायचा. "थोडे चाल, मोकळे होईल" हा सल्ला देऊ नये. कपड्यात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे, बोटांपासून वरच्या दिशेने इलॅस्टिक पट्टी, आणि पाय उशीवर उंच. पहिले दोन-तीन दिवस गरम शेक नाही, तेल चोळणे नाही. चोळण्यामागे माया असते, पण आत रक्तस्राव चालू असताना चोळल्याने सूज वाढते. हाड बसवणाऱ्याकडे नेऊन पाय ओढून घेणे तर अगदीच टाळावे.

हाड मोडले आहे की काय, हे ठरवायला कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली बनवलेले साधे नियम जगभर वापरतात. मूल लगेच किंवा दवाखान्यात चार पावले टाकू शकत नसेल, किंवा आतल्या अथवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मध्यावरच्या उंचवट्यावर वा आतल्या बाजूच्या कमानीच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. वाढत्या वयातील मुलांत हाडाच्या टोकाशी असलेली वाढीची कूर्चा अस्थिबंधाहून नाजूक असते. म्हणून दुखणे थेट हाडावर असेल तर मूल चालत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या भागासाठी आणखी एक सूचना महत्त्वाची आहे, ती परदेशी पुस्तकांत ठळकपणे सापडत नाही. विदर्भातील गोंड, परधान आदी समाजांत सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाला बर्फ लावू नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनांचा झटका येऊ शकतो. शिवाय पाय मुरगळल्याचे आठवत नसताना घोटा सुजला, ताप आला किंवा अनेक सांधे एकदम दुखू लागले, तर ती मैदानावरची दुखापत नसून आजाराचा झटका किंवा हाडातला जंतुसंसर्ग असू शकतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासणी मोफत होते व कार्ड मिळते. वसतिगृहात कोणत्या मुलाचे कार्ड काय सांगते, हे अधीक्षकांइतकेच क्रीडाशिक्षकांनाही माहीत असले पाहिजे.

दुखापत साधी असेल तर आधाराने का होईना, दुखणे सोसेल तितके चालणे काही दिवसांत सुरू करावे. महिनाभर पलंगावर ठेवल्याने घोटा उलट कडक होतो. पण चालता आले म्हणजे खेळता आले, असे नाही. फाटलेला पट्टा जुळायला आठवडे लागतात, पूर्ण मजबुती यायला महिने. मैदानावर परतण्याची कसोटी अशी: दुखऱ्या पायावर डोळे उघडे ठेवून ३० सेकंद शांत उभे राहता येते, त्या पायावर दुसऱ्या पायाइतकीच लांब उडी मारता येते, आणि नागमोडी धावताना भीती वाटत नाही. ही भीती शेवटी विचारावी, पण विचारावी जरूर. अंतिम सामन्यासाठी मुले दुखणे लपवतात.

आपल्यापैकी पुष्कळ जण वसतिगृहांना बूट देतात, त्यांच्यासाठी दोन शब्द. "वाढता पाय आहे" म्हणून दोन नंबर मोठे बूट देऊ नयेत. त्यांत पाऊल सरकते. वापरलेले बूट देताना ते टेबलावर ठेवून मागून पाहावेत. टाच बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर तो बूट प्रत्येक पावलाला घोटा बाहेर ढकलतो, तो देऊ नये. घोटा झाकणाऱ्या उंच बुटांनी मुरगळणे टळते असे सिद्ध झालेले नाही. त्यापेक्षा ज्यांचा पाय पूर्वी मुरगळला आहे त्यांना नाडीने आवळायचा घोट्याचा पट्टा द्यावा. त्याने पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण बरेच घटते असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र त्याच्या जोडीला सराव हवाच.

वारंवार मुरगळणाऱ्या पायासाठी देवळीच्या लोकांना नागपूर गाठण्याची गरज नाही. वर्ध्याकडे जाताना शहराच्या अलीकडे सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि रवी नायर फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. वर्ध्याच्या पलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. जाताना मुलाचे रोजच्या वापरातले बूट आणि सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे, आणि पाय आजवर किती वेळा व कोणत्या महिन्यात मुरगळला, हे कागदावर लिहून न्यावे.